आधी मनात वाच

कोकिळा,
आधी मनात वाच.
माय समोर असेल, शेंगा फोडत,
कान तुझ्याकडे.
तिला एवढंच सांग, भाऊ खुशाल आहे.
मग उरलेलं.

दगा आबाच्या हाती चटई पाठवतोय.
पाच बाय सात, हिरव्या पोपटांची.
नीट बघ, चौथ्या ओळीपासून पोपटांना चोच नाही.
ती माझी. म्हणजे चूक माझी.
रात्रपाळी होती, तीन वाजले असतील,
लाल नळी संपली ते कळलंच नाही मला.
यंत्राला काय, ते विणत राहिलं
अकरा वार मुके पोपट.
सुपरवायझरने हिशेब करून पैसे कापले,
वर म्हणाला, ने आता, तुझ्याच घरी अंथर.
हे वाचू नकोस.
सांग, कंपनीनं बक्षीस दिलं.

अजून एक.
हजेरीबुकात माझं नाव विकास आहे.
भिकन म्हटलं की खोलीतली पोरं
माझ्यापुढे रिकामी वाटी धरायची.
कुणाकुणाला सांगणार,
माझ्याआधीचे दोघं गेले
म्हणून मायनं पाच घरी पदर पसरून
मला मागून आणलं ते.
साहेबाला म्हणालो, लिहा काहीही.
आता पगार विकास घेतो
आणि मनीऑर्डर भिकन करतो.
हेही नको वाचूस.

इथून मोठ्याने:
माय, जेवण चांगलं आहे.
मेसवाली बाई धरणगावची,
थंडीत भरीत करते, पण गॅसवर.
पऱ्हाटीच्या काड्यांचा वास नाही त्याला,
पोरं मग वरून मिरची मागतात.
जळगावात ऊन आपल्यासारखंच,
फक्त निंब कमी.

तू हे तिला अहिराणीत करून सांगशील.
मी शाळेतल्या मराठीत लिहितो,
तू चुलीपुढच्या बोलीत सांगतेस,
मधल्या वाटेवर बरंच सांडतं.
काही तू मुद्दाम सांडतेस, तेही ठाऊक आहे.
आणि पत्रात काहीही असो, शेवटी ती विचारणारच,
येळवर जेवस ना तो?
हो म्हण.

पंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल.
मी येत नाही.
सोमवारची सुट्टी मागितली होती.
साहेब लांबचा आहे, म्हणाला,
कोण बाई? नात्यातली का?
काय सांगू, मी हो म्हणालो.
तरी नाही मिळाली.

माय रोटाचे गहू घ्यायला बसेल.
आप्पांची सव्वा मूठ, काकांची,
काकांच्या झिपरूची,
आणि माझी.
मी नसलो तरी धरेल,
खरं नाव घेऊन धरेल.

तुझी नसते.
लहान होतीस तेव्हा परातीजवळ बसून
मूठ वळून दाखवायचीस, ही बघ माझी,
आणि माय म्हणायची, आंडेरनी नही वं.
मी हसायचो.
नियम म्हणजे नियम, वाटायचं.

इथे चटयांच्या घड्या घालणाऱ्या
सात-आठ बायका आहेत.
त्यांची नावं बुकात नाहीत.
दहाच्या चहाला बुक उघडून नावं पुकारतात,
तेव्हा त्या घड्याच घालत असतात,
मान वर न करता.
त्यातली एक तुझ्याएवढी आहे.
काल मी माझा कप तिच्यापुढे सरकवला,
तर आधी तिनं दाराकडे पाहिलं.

माझ्या वाट्याचा रोट बाहेर देता येत नाही,
पुनवेच्या आत घरातच संपायला हवा.
तो तू खा. झिपरूला देऊ नकोस,
तो मागेल.

आणि माय परात घेऊन बसली
की एवढा तुकडा मोठ्याने वाच.
अडखळलीस तरी चालेल,
सांडू मात्र नकोस:

माय, माझी मूठ औंदा कोकिळाच्या हातानं घे.
हात लहान आहे तिचा.
गहू कमी भरले तरी भरू दे.

तुझा भाऊ,
भिकन

ता. क.
नव्या चटईला प्लास्टिकचा वास येतो,
दोन दिवस ओट्यावर उन्हात टाक.
अंथरशील तेव्हा बिनचोचीची बाजू भिंतीकडे कर.
माय बोलत नाही,
पण तिला दिसतं सगळं.