मोजमाप

छताचा उतार बावन्न अंश.
एवढा कशाला? बर्फ घसरावा म्हणून असेल,
माझं मीच उत्तर दिलं.
टेपचं दुसरं टोक धरून मुंगा बेठेकर हसला:
इथून तं वांदरंच घसरते, साहेब.

सेमाडोहच्या वरचा बंगला. भिंत दोन फूट, चुन्यातली.
खिडकी तीन अंगांनी पुढे आलेली,
तिच्यातून दिसतो साग, नुसता साग.
शेकोटीच्या कपाळपट्टीवर गुलाब कोरलेत.
कोरणाऱ्याने गुलाब पाहिला नसावा,
पाकळ्या पळसाच्या निघाल्या आहेत.
आत, राखेच्या जागी, कोंबडी अंड्यांवर बसलेली.
तिला न उठवता लिहिलं:
खोली अंदाजे अडीच फूट.

फाटकाशी निळी पाटी: संरक्षित वास्तू.
खिळा ठोकला तरी दंड.
म्हणून मुंगाचा सदरा
मोहाच्या फांदीला.

स्वयंपाकघर मागे, वेगळं,
धूर साहेबाच्या नाकाशी येऊ नये इतकं लांब.
मधली वाट मोजायला वाकलो तर म्हणाला,
एकसष्ट पावलं.
ताट भरलेलं असन तं सत्तर.
आजा चालला, बाप चालला, आता मी.
वाट मातीचीच, पण मधोमध इतकी झिजलेली
की श्रावणात तिचा ओहोळ होतो.

नकाशावर दर्शनी बाजू सुबक उतरली,
कमान, धुरांडी, कौलांची ओळ.
प्रपत्रात वाटेला रकाना नव्हता.
तुटक रेघ ओढली, शेजारी लिहिलं सत्तर,
मग शाईने गिरवलं.

निघताना कोंबडी उठली होती.
परत मोजलं: दोन फूट आठ इंच.
अंडी पाच.