आवक

सर्पालयाच्या रजिस्टरात दोन रकाने,
आवक आणि जावक.
आवकेत गेली अकरा वर्षं
उंदीर, कोंबड्या, फिनेल.
अजगर एकही नाही.

आहेत ते सगळे इथलेच,
एका पांढऱ्या मादीचे.
तिला बघायला हदगाव-भोकरहून टेम्पो भरून माणसं यायची.
साहेब म्हणाले, इरबा, पांढरंच वाढव.
मग तिच्याच लेकाला तिच्या पेटीत सोडलं,
पुढं त्या पिलांतल्या भावाला बहिणीच्या.
कडी मीच लावली.

यंदा एकवीस अंडी.
चौदा पिवळी पडून खचली,
आई त्यांच्याभोवतीही वेटोळं घालून
थरथरत ऊब देत राहिली.
सात फुटली.
एकाला डावा डोळाच नाही.
एकाची पाठ, लेकरानं पहिल्यांदा ळ काढावा तशी.
आणि एक अगदी सरळ, दुधासारखं,
उंदीर पुढ्यात धरला
तर चावतं शेजारच्या हवेला.

काझी मॅडमनी पेन्सिलीनं रेघा ओढल्या,
वर, अजून वर.
पणजी-पणजोबांच्या आठ जागा, म्हणाल्या,
आणि नावं चारच.
ही बघ, पणजीही हीच, आजीही हीच.

मी मान हलवली.
माझी बायको माझ्या मामाची.
तिची आई माझ्या बापाची बहीण.
धाकट्याला ऐकू येत नाही.
हे कुठल्या रजिस्टरात नाही.

श्रावणात किनवटकडनं एक नर आला,
पैनगंगेत मासेवाल्यांच्या जाळ्यात गुरफटलेला.
काळपट, गोचिडांनी भरलेला, कुणाचा कोण.
सोबत वनखात्याचा कागद :
उपचार तीन दिवस, नंतर मूळ जागी मुक्त.

तिसऱ्या रात्री किल्ली घेऊन
मी दोन पेट्यांच्या मधे उभा.
यांचं जुळणं थंडीतलं, हे मला ठाऊक होतं.
तरी उभा होतो,
बाहेर वॉचमनचा रेडिओ बंद होईपर्यंत.

सकाळी पोतं उघडलं काठावर.
तो गेला, मागं न बघता,
बेशरमाच्या झुडपांत.

परत येऊन पांढरीचं पाणी बदलायला हात घातला.
तिची जीभ माझ्या बाहीवर आली,
गेली, परत आली.
कोपरापासून मनगटापर्यंत
एकेक इंच वाचत राहिली.

आवकेत लिहिलं, नर एक.
जावकेतही तेवढंच.

शर्ट अजून खुंटीवर आहे.
बायको विचारते, धुवायचा नाही का.