वरचं पाणी, खालचं पाणी

लेक चार्ल्सला, वादळानंतर नवव्या दिवशी
विम्याचा माणूस टेप घेऊन आला.
भिंतीवरची चिखलाची रेघ मोजली:
दोन फूट, वर बोटभर.
"पाणी वरून आलं, की खालून?"

व्हर्लीन गिड्री म्हणाली, दोन्हीकडून.
आधी छप्पर गेलं, मग मागची खाडी आत आली.

वाऱ्यानं मोडलेलं मिळेल.
चढून आलेल्या पाण्याचं नाही, बाई. कलम अकरा.

एकवीस वर्षं हप्ता चुकवला नव्हता तिनं.
कलम अकरा वाचलंही नव्हतं.

मग पियानो.
झाकण पावसात फुगलेलं, पेडल गाळात.
त्यानं पेन कानामागे खोचलं.
"वाजतो?"

तिनं एक पट्टी दाबली.
आवाज आला, जाड, ओला,
कुठल्या पाण्याचा
ते दोघांनाही सांगता येईना.