खिडकीचे पैसे वेगळे

वॉल्विस बे बंदरामागचं आवार, धुकं अजून जमिनीला टेकलेलं,
न्दाहाफा आली तेव्हा. पिशवीत वही, वहीत खोडलेले आकडे.
वीस फुटी की चाळीस फुटी, मालकाने विचारलं,
चहात साखर किती, असं विचारावं तसं.

चाळीस फुटीत पैसे संपत होते, खिडकी एकही नाही.
वीस फुटीत दोन बसत होत्या.
"म्हणजे मोठा अंधार की लहान उजेड," ती म्हणाली.
मालक कॅल्क्युलेटरकडे बघत राहिला.

कोपऱ्यात एक निळा होता, स्वस्त.
तिने आत डोकं घातलं नि लगेच बाहेर काढलं.
"सत्तावीस वर्षं मासे डब्यात भरले मी.
आता त्यांच्या डब्यात मला नको भरूस."

मग एका पोचे आलेल्या तांबड्या कंटेनरात
चपला काढून सरळ आडवी झाली.
इथे चूल. इथे तुहाफेनी, सुट्टीत आला तर.
लोक अंथरूण पाहून पाय पसरतात,
ही पाय पसरून अंथरूण ठरवत होती.

मी इथला वेल्डर. कापायचे पैसे मीटरवर.
खडूने समुद्राकडची बाजू आखली, सगळे तीच मागतात.
तिने तळव्याने पुसली.
"तो मला ऐकू येतो. वाळवंट येत नाही."
आणि रेघ ओढली, गुडघ्याच्या जरा वर.

इतक्या खाली?

"उभं राहून पुष्कळ झालं," ती म्हणाली.

चार बाजू कापल्या, पावतीवर तीन लिहिल्या.
मालकाला बोलू नका.