उणे दहा

कदिरनियाज मास्तरांनी फळ्यावर उदाहरण घातलं:
एका चौरस लोकरी जाजमाला
त्याच्याच बाजूइतक्या लांब, वीतभर रुंद
दोन पट्ट्या जोडल्या.
सगळं मिळून ऐंशी चौरस वीत.
तर जाजमाची बाजू किती?

मोयनाकमध्ये फळा कितीही पुसला
तरी पांढुरकाच राहतो.
खडूचं सोडा, ते मीठ आहे,
समुद्राच्या तळावरून उठून
खिडकीच्या फटीतून आत येणारं.

बाकं पंचवीस. पाच रांगा, दर रांगेत पाच.
मुलं अकरा.
बाकीची आईबापांच्या मागून
कझाकस्तानात गेली, बांधकामावर, बाजारात,
आणि अकराला
नीट चौरसात बसवता येत नाही.

"बाजू क्ष धरू," तेंगेलबाय म्हणाला,
रोज म्हणतो तसंच, खिडकीबाहेर बघत.
जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं धरायचं,
एवढं त्याला जमतं.
पुढे हात टेकतो.

मग मास्तरांनी पिशवीतून खरी लोकर काढली,
सारबिनाजच्या आईने दिलेल्या चिंध्या,
एक करडा चौकोन, दोन तांबड्या पट्ट्या.
एक पट्टी उजवीकडे लावली, एक खाली.
"आता बघा."
सगळे उठून टेबलाभोवती आले.
"कोपरा नाही, सर."
"किती नाही?"
"वीत बाय वीत."
"म्हणजे एक. तो घातला की?"
"एक्याऐंशी."
"आणि इथे घातला तर तिकडेही घालायचा,
फुकट काही मिळत नाही," मास्तर म्हणाले,
"चला, वर्ग पूर्ण करू या."

कोणीतरी मागच्या बाकांकडे पाहिलं.
मग सगळ्यांनीच.

एक्याऐंशीचं मूळ नऊ. नवातून एक गेला, आठ.
बाजू आठ वीत. वह्या मिटू लागल्या.
सारबिनाजची मिटली नाही.
तिने खाली आणखी एक ओळ लिहिली होती:
किंवा उणे दहा.

"ते खोड. लांबी ऋण नसते."
"पडताळून पाहिलं, सर.
शंभर, त्यातून वीस गेले, ऐंशीच उरतात.
खोटं नाही ते."
"खोटं नाही. पण अंथरता येत नाही."
"बाहेर आत्ता तेवढंच आहे," तेंगेलबाय म्हणाला,
"उणे दहा. मी सकाळीच बघितलं."
वर्ग हसला. ती हसली नाही.
"धक्क्यापासून पाणी मोजायचं तर, सर?
शून्य धक्क्यावर धरायचं ना?
मग आता समुद्र कुठल्या बाजूला लिहू?"

धक्क्यावरून मास्तरांनी उडी मारली होती,
सहा वर्षांचे असताना, वडिलांच्या हाकेवर.
आता तिथे गंजलेल्या बोटी
वाळूत कुशीवर पडून आहेत
आणि नळाएवढ्या उंचीची सक्सौलची रोपं.
ते म्हणाले, "तास संपला."
तास संपायला सात मिनिटं होती.

रात्री वह्या तपासताना
लाल पेन त्या ओळीवर अर्धी तिरपी रेघ ओढून थांबलं.
फुली व्हायला दुसरी रेघ लागते.
ती त्यांनी ओढली नाही.
शेजारी लिहिलं:
उदाहरणाला दोन उत्तरं आहेत. जाजमाला एकच.
मग वाटलं, हे फार झालं,
आणि त्याखाली नुसते गुण दिले, पाचपैकी पाच.

कोटाच्या खिशात किल्ल्यांबरोबर
कापून ठेवलेला कोपरा निघाला,
वीत बाय वीत, तांबडा,
दाखवायचा राहूनच गेला होता.
सकाळी शाळा उघडल्यावर
त्यांनी त्याची चौपदरी घडी केली
आणि शेवटच्या रांगेतल्या,
कोणीच बसत नाही अशा बाकाच्या
डुगडुगत्या पायाखाली सारली.