कोनसेट

फेरीबोटीची लोखंडी फळी धक्क्याला टेकते तेव्हा
ठक् होतं.
सहा महिने मी समजत होतो
तो आवाज फळीचा.

एस्पेरान्स मावशी मागे एका अंगाने बसते,
मांडीवर बांगड्यांची टोपली,
गळ्याला डॉक्टरांनी दिलेला पट्टा.
पिएदादच्या चढावर म्हणाली,
"तुज्या गाडयेची मान हालता रे.
म्हाका कळटा. म्हजीय हालता."

आज रविवार. पायलटांचा थांबा रिकामा.
लाक्तांसियचं गॅरेज नदीपलीकडे, बंद.
इथे लागतो तो वाकड्या चोचीचा पाना
सगळ्या दिवाडीत कुणाकडे नाही.
त्याच्याकडे एकच आहे, मागितला
तर आधी तुमच्या हातांकडे बघतो,
मग आभाळाकडे.

म्हणून अंगणात, फणसाखाली:
इंजिनाखाली चिरा, चिऱ्यावर गोणपाट,
पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं वर.
उकिडवा बसून फोर्कचे दोन्ही पाय धरले,
पुढे-मागे ढकलले.
ठक्.
इथे कुठे आहे नदी?

वरचा नट साध्या पान्याने सुटतो, त्याचं काही नाही.
खालची चकती मात्र कडेला चार खाचा घेऊन बसलेली,
कुणी नेमकं खाचेत बोट घालावं म्हणून.
माझं बोट म्हणजे न्हाणीच्या दाराचा पितळी अडसर.
पोलादावर पोलाद मारलं की खाच फाटते.
पितळ स्वतः चेपतं.
हातोडी शेजारी गेलेली, कधीची,
म्हणून कपडे धुवायची मोगरी घेतली.
"तिला ग्रीस लागलं तर माझी साडी तूच नेसशील,"
सुलक्षा आतून म्हणाली.

एक टोला. अजून खुळखुळ.
दुसरा.
तिसरा जरा जास्तच बसला:
हँडल रुसलं, वळवावं तिथेच थांबून राहू लागलं.
अशी गाडी न पिता झिंगते,
बांधावरून जाताना दोन्ही बाजूंची खाजनं दाखवते.
चौथा टोला उलटा.
त्याच्या अर्धा. त्याच्याही अर्धा.

मधोमध धरून हँडल सोडून दिलं.
ते आपल्याच वजनाने डावीकडे कललं, हळू,
आणि टेकलं.
मग उजवीकडे, तेवढंच हळू.
मी उगाच चार-पाच वेळा सोडून बघितलं.

वरचा नट आवळला आणि सगळं पुन्हा जड.
वरच्याने खालच्याला दाबायचं, हे लोखंडातही आहे.
पुन्हा सोडवलं. चकती केसभर सैल ठेवली,
दाब येणार हे आधीच धरून.

दोन तास गेले. ठक् गेलं.
पण चाक अगदी सरळ असताना
बोटांना काहीतरी लागतं,
भाताच्या घासात बारीक खडा लागावा तसं.
ते मोगरीने जाणारं नाही.
आत गोळ्या एकाच जागी उभ्या राहून राहून
वाटीत खड्डे पाडतात.
धक्का ते चर्च, चर्च ते धक्का,
अकरा वर्षं.
मला वाटायचं गाडी वळणावर झिजते.

नवा सेट फेस्तानंतर बघू.

संध्याकाळच्या बोटीत मावशी होती.
टोपली रिकामी, वास तेवढा शिल्लक.
फळी टेकली, ठक् वाजली,
आणि आम्ही दोघंही क्षणभर ऐकत राहिलो,
आणखी काही वाजतं का म्हणून.
चढ संपल्यावर तिने विचारलं, "कोणें केलें?"
"मोगरीन."
ती हसली नाही.
हसलं की तिची मान दुखते.