बेरिल ट्रँटर यादी वाचते

दे इकडे. चष्मा कुठे ठेवला मी… हां.
क्रोमचे आरसे. लाकडी स्टिअरिंग.
डायल काळी, काटे पांढरेच हवेत.
ऑल्विन, तुला गाडी बांधायचीय
की नटवून दाखवायला बसवायचीय?
शेवटचं पान आधी वाचलंस तू.
सगळेच वाचतात.

चल मागे. बूट सांभाळ,
क्रेव्हन आर्म्सचा चिखल घरापर्यंत सोबत येतो.
ती लाल माझदा बघ, मागून ठोकलेली,
पुढचं सगळं शाबूत.
आधी ही घे. अख्खी.
इंजिन एकीचं, गिअरबॉक्स दुसरीचा,
वायरिंग देव जाणे कुणाचं,
असा संसार मांडलास
तर दोन वर्षं नुसती भांडणं सोडवण्यात जातील.
एका घरातली हाडं एकमेकांना ओळखतात.

थांब, बॅटरी लावते.
ऐक. कागदावर काय लिहिलंय ते राहू दे, ऐक.
थंड असताना टकटक करतंय? करू दे,
माझे गुडघेही करतात.
गरम झाल्यावरही थांबलं नाही
तर पैसे खिशातच ठेव.

डिफरन्शियल जुनं चालेल.
हब चालतील, गंज घासून काढ.
सीट तर जुनीच बरी,
कुणीतरी आधीच बसून बसून
तिचा हट्ट मोडलेला असतो.
पण ब्रेकचे पाइप, ब्रेकची रबरं, सीटबेल्ट
माझ्याकडून घेऊ नको.
मी विकेन, माझा धंदाच आहे तो.
तू घेऊ नको.

आणि पाय दाखव. अकरा नंबर?
त्या सांगाड्यात पेडलं इतकी खेटून असतात
की क्लच दाबायला जाशील आणि ब्रेकही दबेल.
पहिला पार्ट लिही: अरुंद बूट.
हसू नको, लिही.

टेस्टला नेशील तेव्हा तपासनीस
प्रत्येक काठावरून बोट फिरवेल.
एक कोपरा बोचला की नापास.
तू पाव भाजतोस, कडांचं तुला कळायला हवं.
तुझे आरसे तिथेच गळणार बघ.

ते? ताडपत्रीखालचं?
ते डेस्मंडचं.
सांगाडा आहे, चाकं नाहीत.
त्यानेही हेडलाइट आधी घेतले होते,
पितळी किनारीचे, बर्मिंगहॅमहून,
मांडीवर ठेवून आणले, बसने.
रोज चहा झाला की पुसायचा.
इंजिन पुढच्या उन्हाळ्यात, म्हणायचा.
असे चार उन्हाळे.
पाचव्याच्या आधी, मार्चमध्ये, तोच…
आता त्यात कोंबड्या अंडी घालतात,
नेमक्या ड्रायव्हरच्या बाजूला.
का, ते त्यांनाच ठाऊक.

नाही, सांगाडा विकायचा नाही.
हेडलाइट ने. एकशे वीस पाउंड.
फुकट? डोकं ठिकाणावर आहे ना?
फुकट मिळालेलं माणूस फळीवर ठेवतो.

पण आज नाही.
आज माझदा ने. इंजिन काढ, सांगाड्यात बसव,
सुरू कर, किती का धूर होईना,
मला फोन लाव
आणि फोन इंजिनाजवळ धर.
बोलू नको काही.
मी इकडे कोंबड्यांना हाकलून ऐकेन.

मग ये.
एकशे वीस म्हणजे एकशे वीसच.